तनुजाताईंचे जंतू आणि आमचं फिनेल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय सर्जेराव, व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी हिंमतराव, सत्कारमूर्ती तनुजाताई, त्यांचे यजमान विश्वजीतराव, आणि भाषणं संपून बटाटेवडे कधी येतात याकडे डोळे लावून बसलेल्या सभासद बंधुभगिनींनो,

तनुजाताई आपली बाग सांभाळायच्या. म्हणजे आपण सगळे सूचना करायचो आणि काम त्या करायच्या. आता त्या नाशिकला लेकीकडे कायमच्या निघाल्या आहेत. निरोपाला चांगलंच बोलायचं असतं, म्हणून हिंमतरावांबद्दल मी थोडक्यात आटोपेन.

आपलं लॉन आठवतंय ना? वरून पिवळं, आणि खाली मेलेल्या गवताची एवढी जाड गादी, की पाणी मुळांपर्यंत पोचेना. कमिटीने सखोल अभ्यास करून ठरवलं, सगळं उपटा आणि प्लास्टिकचं गवत घाला. ना पाणी, ना माळी. शिवाय मे महिन्यात त्यावर पापड भाजता आले असते, तो फायदा वेगळाच.

अडचण एकच होती. विश्वजीतरावांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता आणि डॉक्टरांनी रोज गवतावर अनवाणी चालायला सांगितलं होतं. फरशीवर पडले तर हाड मोडेल, ही ताईंना धास्ती. त्यांनी सभेत दिवाळीपर्यंत मुदत मागितली. आपण पडलो उदार, भरपूर वाद घालून ती दिली.

मग ताईंनी लॉनला बागकामाच्या काट्याने भोकं पाडली, आणि कंपोस्टच्या खड्ड्यातले जंतू गूळ-ताकात वाढवून त्यावर शिंपडले. हे जंतू ती गादी खातात आणि तिचंच खत करतात, दुधाला विरजण लावतो तसंच, असं त्यांनी समजावून सांगितलं. रोज वाटीभर दही खाणाऱ्या आपल्या विद्वानांनी ग्रुपवर विचारलं, मुलांच्या खेळायच्या जागेत जंतू? झालं! आरोग्याची काळजी वाहणाऱ्या हिंमतरावांनी अख्ख्या लॉनवर फिनेल मारून घेतलं. जंतू गेले, गांडुळं गेली, वास तेवढा राहिला.

त्या दिवशी ताई रडल्या. मी पाहिलंय. मला तेव्हा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगू का, अजून गेलेला नाही. पण ताई भांडल्या नाहीत. त्यांनी नव्याने जंतू वाढवले आणि थेट हिंमतरावांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, या जंतूंची जबाबदारी आता आपणच घ्या. इथे सगळे ऐकतात ते फक्त आपलं."

पद मिळाल्यावर माणूस करणार काय? हिंमतराव रोज सकाळी लॉनच्या कडेला खुर्ची टाकून राखणीला बसू लागले. जिन्यातून कोणी फिनेलची बाटली नेली, तरी त्याची चौकशी व्हायची. हळूहळू गादी कुजली, पाणी मुरायला लागलं, दिवाळीच्या सुमारास हिरवं गवत वर आलं. विश्वजीतराव आधी ताईंचा हात धरून चालले, मग काठी टेकत, मग नुसतेच. ते पडलेच तर सावरायला म्हणून हिंमतराव मागे मागे असायचे. हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. मागच्या महिन्यात विश्वजीतराव ते जिने स्वतःच्या पायांनी चढले, म्हणून तर हे दोघं निघालेत. तेव्हा हिंमतराव, प्लास्टिक घातलं असतंत तर ताई इथेच राहिल्या असत्या. या एका बाबतीत तुमचं ऐकायला हवं होतं.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही कमीजास्त बोललो असेन तर सर्वांनी माफ करावं. ताई, तुम्ही मात्र करू नका. तुम्ही सगळ्यांना माफ करत सुटता, म्हणूनच तुम्हाला जा म्हणणं इतकं जड जातंय.