जास्तीचं ताट

क्राकूव. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी, पार्लरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी नणंदा-भावजया.

“वहिनी, तुम्ही इथे? मग घरी आज रात्रीच्या जेवणाचे बारा पदार्थ कोण करतंय?”

“तुझा भाऊ. पिएरोगीच्या करंज्या भरतोय. भुवयांपर्यंत पीठ गेलंय.”

“दादा? उकळताना फुटतील की सगळ्या!”

“फुटल्या तर सूप म्हणून वाढ म्हटलं.”

“म्हणजे वाढणारही तोच?”

“हो. मी बसणार.”

“बसणार कुठे? तुमची खुर्चीच नसते. दरवर्षी तुम्ही चुलीपाशी उभ्या.”

“अगं, अवचित आलेल्या पाहुण्यासाठी आपण एक जास्तीचं ताट मांडतो ना?”

“मांडतो. पण तीस वर्षांत कुणी फिरकलं नाही.”

“यंदा येतेय. केस सेट करून.”