मंगळवारचा तास

लीलंडला माती देऊन आम्ही चर्चच्या तळघरात जेवायला जमलो होतो. रांगेत माझ्यापुढे त्याची मावशी व्हर्ना होती आणि तिच्यापुढे एक अनोळखी मुलगी.

"तू लीलंडच्या कारखान्यातली का गं?" व्हर्नाने तिला विचारलं.

"नाही."

"मग शाळेतली मैत्रीण?"

"नाही, मावशी. थोडी ओळख होती."

"काय करतेस?"

"समुपदेशक व्हायचंय. शिक्षण झालं, आता परवान्यासाठी तीन हजार तास भरतेय. लोकांसमोर बसायचं, त्यांचं ऐकायचं."

"अगं बाई, तीन हजार! किती राहिले?"

"चाळीस. ह्या आठवड्यातला एक धरला असता तर एकोणचाळीस."

"का नाही धरला?"

"समोरचं माणूस आलंच नाही, तर तो तास धरत नाहीत."

"आमचा पठ्ठ्या दर मंगळवारी शर्टाला इस्त्री करून निघायचा, चारला पोचायचंय म्हणून. कुठे, ते सांगेल तर शपथ! आम्ही चिडवायचो, कोण रे ती म्हणून. ह्या मंगळवारी इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर तसाच राहिला."

मुलीने वाढायचा चमचा परत भांड्यात ठेवला.

"तुझा तो तास कुठल्या वारी होता?"

"ते मला सांगता येत नाही, मावशी."

"बरं, नको सांगूस. पण तो येत नाही म्हटल्यावर तू उठून गेलीस का गं?"

"नाही. पाच वाजेपर्यंत दाराकडे बघत बसले होते."

"हे बटाटे घे थोडे. आणि तिकडे मागे नको बसूस. आमच्या टेबलावर ये, घरच्यांत."