पाठीमागं बसलेलं म्हातारं

वजन माझं बरोबर होतं, हे आधीच सांगतो. हलक्या वजनाच्या रोइंगमध्ये काटा साडेबहात्तर किलोच्या वर गेला की शर्यतीतून बाहेर. परदेशातल्या स्पर्धेची निवड आठवड्यावर आलेली, आणि मी एका भाकरीवर राहून एकाहत्तरवर आलो होतो. तरी उजनी धरणाच्या पाण्यात माझी होडी खोल बसायची, टायमिंग काही येईना.

काठावर जाळी टाकणारे बाळूतात्या रोज बघायचे. एके सकाळी म्हणाले, "उपाशी कशाला मरतुयास? पाठीमागं बसलेल्याला उतरव की."

"तात्या, एकट्याची होडी आहे ही."

"मग ते म्हातारं कोण हाय? बुडालेल्या गावावरनं जातुयास, तितंच चढलंय ते."

आमच्या खेळात जायच्या दिशेला पाठ करून बसतात. पाठीमागं काय आहे, ते वल्हवणाऱ्याला दिसत नाही.

मी हसलो. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर आलो तेव्हा मात्र वल्ही थांबवली आणि न वळता म्हणालो, "बाबा, गाव आलं तुमचं. उतरा."

पाण्याचा आवाज झाला नाही. होडी तेवढी दोन बोटं वर आली.