मे महिन्यातल्या धबधब्याबाबत

विषय : सपत्नीक नाशिक सहल, द्राक्षबागा व धबधबा पाहणेबाबत. संदर्भ : आपण सर्वांनी गेला महिनाभर बागेतल्या या बाकावर मला रोज तोंडी विचारलेला प्रश्न, की ‘काय केशवराव, भिजलात का धबधब्यात?’... आणि मग हसलात! हसण्याची नोंद मी संदर्भात घेत नाही, पण हसलात. तर तुम्हाला सांगतो, उपरोक्त विषयी मी कोरडा गेलो आणि कोरडा आलो, हे खरं. पण आधी सगळं ऐका आणि मग सांगा, यात माझं काय चुकलं?

लग्न झालं तेव्हा मी पद्माला विचारलं होतं, नवे नवरे विचारतात तसं, तुला काय हवंय? सणसरची मुलगी, उसात वाढलेली, मला वाटलं साडी म्हणेल, फार तर महाबळेश्वर म्हणेल. ती म्हणाली, “मला धबधबा बघायचाय. पाणी आडवं जाताना लई बघितलंय, आता उभं पडताना बघायचंय.” बरोबर आहे हो! आपल्या बारामती-इंदापुरात पाणी कसं येतं? कालव्यातून, गुमान, मान खाली घालून, हजेरीपटावर सही करायला आल्यासारखं. मी म्हणालो, दाखवतो. या गोष्टीला तेहेतीस वर्षं झाली.

का नाही दाखवला? अहो, मी कारकून कुठल्या खात्यात? पाटबंधारे! धबधबा पडतो पावसाळ्यात आणि पावसाळ्यात आमची रजा बंद. जून लागला की पूरनियंत्रण कक्ष, आणि ‘मुख्यालय सोडू नये’ असं परिपत्रक. आता बारामतीत पूर! आभाळात पोळीएवढा ढग नाही आणि मी फोनपाशी बसून दर तासाला वहीत लिहितोय, ‘पाऊस : निरंक.’ पुढच्या तासाला पुन्हा, ‘निरंक.’ चौतीस पावसाळे मी निरंक लिहिण्यात घालवले, तुम्हाला सांगतो, आणि पद्मा घरी जेवण झाकून ठेवून विचारायची, “आला का पूर?”

गेल्या वर्षी निवृत्त झालो. आमची दीप्ती पुण्याहून फोनवर म्हणाली, “बाबा, आता जुलैत जा दोघं.” जुलैत! अंगावर काटा आला माझ्या. माणूस निवृत्त होतो, परिपत्रक होत नाही. म्हणालो, मे महिन्यात जातो. “बाबा, मेमध्ये पाणी नसतं हो!” आता या पोरीला काय सांगायचं? आपल्याकडे कालवा दुथडी कधी वाहतो? उन्हाळ्यातच! ठरलेल्या तारखेला वर धरणाचं दार उघडतात, पाणी सुटतं, त्याला आवर्तन म्हणतात आणि त्या आवर्तनांची पत्रं मी हयातभर टाइप केली. पाणी ऋतूनं येत नाही, आदेशानं येतं! आणि नाशिकजवळचा तो धबधबासुद्धा धरणाच्या खाली, वरून सोडलं की पडतो, हे मी तिकडच्या एका जुन्या माणसाकडून पक्कं करून घेतलं. तारीखही काढली, सतरा मे. आम्ही धबधब्यावर पोचणार अठराला. म्हणजे पाणी आमच्या आधी एक दिवस हजर! एवढं नियोजन केल्यावर... यात माझं काय चुकलं?

निघालो. पद्मानं दशम्या घेतल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली, मी दोन रेनकोट घेतले. तुषार उडतात ना! एसटीत कंडक्टर बघतोय, बाहेर वारा असा की भट्टीचं दार उघडलंय, आणि माझ्या मांडीवर रेनकोट. “आबा, कंच्या खात्यात होता?” म्हटलं, पाटबंधारे. “मग बरोबर,” म्हणाला आणि पुढे गेला. त्या ‘मग बरोबर’चा अर्थ मी नगर येईपर्यंत लावत होतो.

पहिला दिवस वाइनचा. दीप्तीनं तशी व्यवस्था केली होती, बागेतच खोली, बागेतच वाइन. सुप्रिया नावाची चुणचुणीत मुलगी, समोर काचेचे ग्लास आणि तळाशी औषधाएवढी वाइन. “सर, आधी बघायची, मग हुंगायची, मग तोंडात घोळवायची.” म्हटलं, कळलं, आमच्याकडे फाइलीचं हेच करायचे, फक्त गिळायचं कोणी नाही. “सर, नाकात काय येतंय? पेरू? हिरवी मिरची? ओलं गवत?” मला वाइनच येत होती, पण चारचौघांत कसं सांगायचं? मी आपलं म्हटलं, गवत. पद्मानं ग्लास नाकाला लावला, खाली ठेवला, म्हणाली, “ए बाय, पेरू घातला, मिरची घातली, मग द्राक्षं कुठं हायती?”

“मॅम, द्राक्षं बाहेर बागेत ना.”

गेलो बाहेर. अहो, वेलीवर द्राक्ष म्हणून नाही! नुसते कोवळे फुटवे! पद्मा कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघतेय. “मे महिना हाय! एप्रिलात छाटणी झाली, मेमधी घड कुठनं येत्याल? माझ्या महिपतीची दोन एकर बाग हाय सणसरला, मेव्हण्याला येक फोन केला असता तर फुकाट सांगितलं असतं त्येनं!” आता फोन करायला हवा होता का? असेल. पण द्राक्षबागेत द्राक्षं असतात का, असं कुणी फोन करून विचारतं? यात माझं काय चुकलं?

बरं, तिथून ही हलेना! वेलीपाशी वाकली, फुटवा धरला, म्हणाली, “किती गर्दी ठिवलीया ही! इरळणी करा, जादा फुटवं काढा, न्हाईतर काडी पिकायची न्हाय.” सुप्रियानं कोणा साहेबाला बोलावलं, साहेब वही घेऊन आला, सहलीला आलेली माणसं वाइन सोडून हिच्या मागं ओळीओळीनं हिंडायला लागली, मोबाइलवर फोटो, ‘आजी, इकडे बघा’... आणि मी आत एकटा. टेबलावर तिच्या वाट्याचे चार ग्लास प्रलंबित. प्रलंबित प्रकरण पडू द्यायचं नाही, मी निकाली काढले. दुपारी जेवताना मी सगळ्यांशी फार चांगला वागलो म्हणे.

दुसऱ्या दिवशी धबधबा. होता हो! म्हणजे कडा होता, कठडा होता, ‘खोल पाण्यात उतरू नये’ असा फलक होता, फोटो काढायचा गोल चौथरासुद्धा होता. पाणी : निरंक.

झाडाखाली कैऱ्या-काकड्या विकणारी बाई होती, ठमाबाई. ती म्हणाली, “कालच सुटणार म्हणत होते, पण पुढं ढकललं. जुलैत या की ताई, माणूस उभं राहत नाही इतकं पडतं.” आणि तिनं मोबाइलमध्ये गेल्या जुलैचं चित्रीकरण लावलं. आता बघा, समोर तो एवढा मोठा कोरडा कडा, आणि त्याच्यापुढे माझी बायको वीतभर मोबाइलमध्ये धबधबा बघतेय. दोनदा बघितला. मग मोबाइल परत दिला आणि रेनकोटाची घडी घालायला लागली. घडी मोडलेलीच नव्हती, तरी उलगडून पुन्हा घातली.

ते काही मला बघवेना. म्हटलं चल, आणि तशीच तिला घेऊन वर धरणाच्या चौकीवर गेलो. खिडकीत एक भाऊसाहेब. म्हटलं, पाणी कधी?

“वरून आदेश नाही.”

“अहो, मी खात्यातलाच. चौतीस वर्षं...”

“मग तुम्हाला माहीतच आहे.”

“दहा मिनिटं दार उचला फक्त. ही बाई तेहेतीस वर्षं थांबलीय!”

“अर्ज द्या.”

दिला! तिथेच उभ्याउभ्या लिहिला. ‘महोदय, अर्जदाराच्या पत्नीने आजतागायत धबधबा पाहिलेला नाही, सबब किमान दहा मिनिटे पाणी सोडण्यात यावे, ही विनंती.’ त्यानं दोनदा वाचला, अक्षर सुंदर आहे म्हणाला, आवकचा शिक्का मारला आणि म्हणाला, “बघू.” तो ‘बघू’, तुम्हाला सांगतो, मी हजारो लोकांना खिडकीच्या आतून दिलाय. बाहेर उभ्या माणसाच्या छातीत तो नेमका कुठं लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. आणि पद्मा? हसत सुटली! भिंतीला टेकून, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी. “आज कुनीतरी तुमाला तुमचंच औशद पाजलं!” सहलीत पाणी म्हणून पाहिलं ते एवढंच.

आम्ही आलो परत. मी समजत होतो, विषय संपला. तर काल सकाळी हिचा फोन वाजला. ठमाबाई! नंबर कधी घेतला होता कोण जाणे. “ताई, आलं पाणी, धो धो!” ना आदेश, ना आवर्तन, ना जावक क्रमांक, काकडी विकणाऱ्या बाईकडून थेट माहिती! तासाभरात सणसरहून महिपतीची जीप ठरली. हिची भावजय सारजा, तिच्या दोन जावा आणि ही. शनिवारी पहाटे निघणार.

मी म्हटलं, आणि मी?

“जीप भरली.”

“मागं बसतो की. डब्यांशेजारी.”

पद्मा भाकरी थापत होती. मान वर केली नाही. “अर्ज द्या. बघू.”

आता यात माझं... जाऊ द्या. रात्री बसून लिहिला. विषय लिहिला, संदर्भ लिहिला, जागा कमी लागेल असं हमीपत्रही जोडलं. आज गुरुवार. अर्ज फ्रिजच्या दारावर, चुंबकाखाली आहे. त्यावर अद्याप कोणतीही कार्यवाही झालेली नाही.