मिसरीची डबी

(औंढे, १९३८. सासू धोंडाबाई ओसरीवर, सून चिंगी चुलीपाशी.)

धोंडाबाई : जाळ हाय, तवा हाय, मग तंबाखू भाजायला मुहूर्त बघतीस व्हय?

चिंगी : तंबाखू उकिरड्यावर टाकली, आत्याबाई.

धोंडाबाई : लय शानी. कुणाला इचारून?

चिंगी : लोणावळ्याचा डाक्तर तुमच्या म्होरंच बोलला. गालातली जखम साधी न्हाई, क्यान्सर हाय. मिसरीनं झालाय.

धोंडाबाई : त्याला काय ठावं? माज्या आईनं जन्मभर लावली.

चिंगी : अन् शेवटी तिला पेजबी गिळवत न्हवती. धनी सांगत्यात.

धोंडाबाई : तो देवीचा कोप व्हता.

चिंगी : तुमच्या तोंडात आता दोन बोटं जात न्हाईत.

धोंडाबाई : म्हणून तर मिसरी पायजे. लावली की ठणका बसतो, घटकाभर डोळा लागतो. जिनं दुखतंय तिनंच थांबतंय. मग मी करू काय, तूच सांग.

चिंगी : मुंबईच्या दवाखान्यात चला. धनी उद्याची तिकिटं काढत्यात, तुमचं अन् त्यांचं.

धोंडाबाई : तितं जबडा कापत्यात. अर्धं तोंड घिऊन गावात फिरू? हिकडं आड, तिकडं हीर. मी न्हाई जायची.

चिंगी : काल गोठ्यात जाऊन रडलं ते.

धोंडाबाई : रडू दे गोविंदाला. तुजी डबी कुटंय? तुज्याजवळ असंलच की.

चिंगी : हाय.

धोंडाबाई : मला बंद, अन् तुला चालू?

चिंगी : सुटत न्हाई, आत्याबाई. नवी नवरी व्हते, भातलावणीला उपाशीपोटी वाकून जीव जायचा. तुमीच बोटावर दिली. म्हणलात, लाव, भूक मरती.

धोंडाबाई : म्हणले व्हते. माज्या सासूनं मला तेच सांगितलं व्हतं.

चिंगी : आता सकाळी न्हाई लावली, तर हात थरथरत्यात.

धोंडाबाई : डाक्तर पांढऱ्या चट्ट्याचं काय म्हणत व्हता गं?

चिंगी : जखमेच्या आधी गालात चट्टा पडतो म्हणला. दुखत न्हाई, म्हणून कळत न्हाई. तवाच मिसरी सोडली तर जातोबी कवाकवा.

धोंडाबाई : हिकडं ये. उजेडाला बस. तोंड उघड.

चिंगी : मला काय झालंय?

धोंडाबाई : उघड म्हणते ना. गाल वढ जरा. अजून. हितं बोट लावलं तर दुखतंय?

चिंगी : न्हाई. काय हाय तितं?

धोंडाबाई : डबी दे तुजी.

चिंगी : आत्याबाई, काय हाय?

धोंडाबाई : गोविंदाला सांग, उद्या तीन तिकिटं काढ.