बोंबीलच्या ट्रेमधला सकाळचा कागद

शाल आज पांघरायची, नारळ आज हातात द्यायचा, आणि उद्या शनिवारी संध्याकाळी त्याच माणसाचं नाव कॉम्प्युटरमधून काढून टाकायचं, ही कुठली रीत झाली? मी आठवडाभर विचारतेय. मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या पॉलिसी आहे. कॉम्प्युटर बघणाऱ्या दिपेशला विचारलं, तर म्हणाला साहेबांना विचारा. साहेबांना विचारायला गेले, तर साहेब मीटिंगमध्ये. मग म्हटलं, शुक्रवारी माईक हातात येणारच आहे, तेव्हा सगळ्यांसमोर विचारते. तिथून साहेबांना मीटिंगला जाता येणार नाही.

हां, थांबा. ऐश्वर्या मॅडम हात करतायत. आधी नमस्कार घालायचा असतो. घालते.

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या ऑफिसचे मालक माननीय हरिहर टिपणीस साहेब, वर स्टेजवर बसलेले मान्यवर पाहुणे, वर्तकनगरच्या सोसायट्यांतून मुद्दाम आलेली वडीलधारी मंडळी, माझ्यासोबत रोज राबणारे सगळे, आणि आज रिटायर होणारे सत्कारमूर्ती गुरुदत्त पेडणेकर, ज्यांना मी भाऊ म्हणते आणि जे आत्तापासूनच मान खाली घालून बसलेत, तुम्हा सगळ्यांना कलावतीचा नमस्कार. मॅडमनी मला एक छापील भाषण दिलंय. चांगलं आहे. त्यात ‘तंत्रज्ञानाचा वटवृक्ष’ असं काहीतरी आहे. ते मी वाचणार नाही. भाऊ वटवृक्ष नाहीत. अंगात शर्ट राहत नाही इतके बारीक आहेत.

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. आपल्या ऑफिसात जुन्या इमारती पाडून नव्या बांधायच्या असतात, त्याची कागदपत्रं होतात. म्हणजे कागद, कागद आणि कागद. मी इथं झाडलोट करते, चहा करते, आणि तिन्ही मजल्यांवरच्या प्रिंटरमध्ये कागद भरते. भाऊ ते प्रिंटर सांभाळायचे. सांभाळायचे म्हणजे काय, तर एकाच प्रिंटरवर मजल्यावरच्या सगळ्यांचे कॉम्प्युटर जोडायचे, कुठे कागद अडकला, कुठे शाई संपत आली, ते आपल्या जागेवरून स्क्रीनवर बघत बसायचं.

भाऊ यायच्या आधी या प्रिंटरांची नावं म्हणजे लांबलचक इंग्रजी अक्षरं आणि आकडे. कोणाला कळायचं कुठला कुठे आहे? तळमजल्यावरचा माणूस बटण दाबणार, कागद निघणार दुसऱ्या मजल्यावर. मग मी जिना चढायचा. एकदा एकाचा नोकरी सोडायचा अर्ज साहेबांच्या केबिनबाहेर निघाला, त्याचा विचार पक्का व्हायच्या आधी.

भाऊ आले आणि त्यांनी नावं बदलली. मालवणकडचा माणूस. तळमजल्याचा बोंबील, कारण त्यातून कागद नेहमी मऊ पडून यायचा. पहिल्या मजल्याचा बांगडा, कारण सगळ्यांना परवडणारा. आणि दुसऱ्या मजल्यावरचा रंगीत तो सुरमई, त्याला जपून हात लावायचा. त्या दिवसापासून ऑफिसात कोणाचा कागद चुकला नाही. साहेब आपले शुद्ध शाकाहारी. बिल्डर लोक बसलेले असताना बाहेरून कोणीतरी ओरडलं, बोंबील अडकलाय, जरा ओढून काढा. साहेब खूप चिडले. नावं बदला म्हणाले. भाऊ हो म्हणाले आणि विसरले. पुढच्या महिन्यात साहेबच फोनवर म्हणत होते, नको नको, सुरमईवर नको, बांगड्यावर पाठवा. हसताय काय, साहेब? मी चहा घेऊन दारातच होते.

तर आता मुद्द्याचं.

मशीन नीट आहे का ते बघायला रोज सकाळी ऑफिस उघडायच्या आधी प्रत्येक प्रिंटरमधून एक कागद निघतो. टेस्ट पेज म्हणतात त्याला. पूर्वी त्यावर इंग्रजी असायचं आणि रंगाच्या पट्ट्या. सकाळी पहिली मी येते, म्हणून तो बघायचं काम माझं. मी काय बघणार? मी चौथीत शाळा सोडली. कागद आलाय एवढं सांगायचे. भाऊंनी मग तो कागद मराठी केला. वर मोठी अक्षरं, खाली लहान होत होत मुंगीएवढी, डोळ्यांच्या डॉक्टरकडे असतो ना फळा, तसा. म्हणाले, कलावतीताई, शेवटपर्यंत वाचता आलं तर मशीन ठीक, अडखळलात तर मला सांगा. मी म्हटलं, अडखळले ते मशीनमुळे की माझ्यामुळे, ते कसं कळायचं?

भाऊ म्हणाले, "दोन्ही दुरुस्त करू."

असं पहिल्यांदाच कोणी मला बोललं. पण तेव्हा मला रागच आला. सकाळी एवढी कामं, त्यात ही शाळा.

आणि पुढे जे झालं त्याला भाऊच जबाबदार, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय, आजही सांगते. कागदावर रोज तेच चार-सहा ओळींचं लिहिलेलं. रोज तेच असेल तर वाचणार कोण? माझं पाठ झालं, दिपेशचं पाठ झालं, भाऊंचं स्वतःचं पाठ. सुरमईच्या कागदावर मधूनच एक पांढरी रेघ उमटायला लागली होती, ती कोणालाच दिसली नाही, कारण सगळे डोळ्यांनी नाही, आठवणीने वाचत होते. त्याच सुरमईवर वर्तकनगरच्या एका इमारतीची यादी छापली, कोणाकोणाला नवीन घर मिळणार त्याची. ती नोटीस बोर्डावर लागली. आणि रेघ बरोबर एकाच ओळीवरून गेलेली.

त्या ओळीवरच्या आवडाबाई समोर बसल्यात. हात वर करा, आजी. आजी त्या दिवशी जिना चढून वर आल्या आणि साहेबांना म्हणाल्या, मी अजून मेले नाही, माझं घर कोणी पुसलं? नवऱ्याच्या हातचं घर, चाळीस वर्षं त्यात काढलेली. रडत नव्हत्या. जाब विचारत होत्या. सगळे तोंडाला येईल ते बोलत होते, तांत्रिक अडचण, तांत्रिक अडचण. भाऊंनी आजींना आपल्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, बांगड्यावर नवीन यादी काढली, आजींच्या बोटाने आजींचं नाव त्यांना दाखवलं, आणि त्यांच्यासोबत चालत जाऊन बोर्डावर स्वतः लावून आले. आजी अजून दिवाळीला त्यांच्यासाठी चकल्या घेऊन येतात. आम्हाला एकेक मिळते.

त्यानंतर मी भाऊंना सांगितलं, रोज नवीन लिहा, नाहीतर मी बघणार नाही. त्यांनी खरंच तसं केलं. घरून आपल्या फोनवरून ऑफिसच्या प्रिंटरला कागद पाठवायची सोय करून घेतली. भाऊ राहतात आंबिवलीला, एकटे. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. सकाळी पहिला चहा ठेवायचा आणि चहा उकळेपर्यंत चार ओळी लिहून पाठवायच्या. मी दिव्याहून लोकलने इथं पोचेपर्यंत बोंबीलच्या ट्रेमध्ये कागद पडलेला असायचा.

काय लिहायचे? काही मोठं नाही हो. ‘शेजारच्या आनंदाने रिक्षाला नवीन सीट घातली, पहिला मला बसवलं.’ ‘जास्वंदीला आज तीन फुलं आली, देवाला दोन दिली, एक झाडावर ठेवलं.’ एकदा लिहिलं, ‘काल पिठलं केलं. गुठळ्या झाल्या. गुठळ्यांकडे बघू नका, अक्षरांकडे बघा.’ ते ऑफिसला आले की मी जिन्यातच सांगायची, पीठ आधी गार पाण्यात कालवायचं असतं, एवढं पण माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मुंगीच्या अक्षरात खाली, ‘कालवलं. जमलं.’

तुम्हाला वाटेल, बाई काय सांगतेय. सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी कागद आला नाही. बोंबील रिकामा. वर गेले, बांगडा रिकामा. सुरमई रिकामी. दिपेश आला, त्याला म्हटलं बघ रे. त्याने स्क्रीन उघडली. तिन्ही प्रिंटर हिरवे. म्हणाला, ताई, सगळं चालू आहे, कागद आहे, शाई आहे, नेटवर्क आहे, पण पाठवलंच नाही कोणी. मला संताप आला. म्हटलं आळस केला असेल, झापते. फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा माझा राग गेला होता.

एकदा भाऊंचा फोन बिघडला होता, तेव्हा त्यांनी शेजारच्या रिक्षावाल्या आनंदाच्या फोनवरून मला कळवलेलं. तो नंबर होता, त्यावर लावला. आनंदा रिक्षा रस्त्यात सोडून धावला. कडी आतून. त्याने खिडकीतून हात घालून काढली. भाऊ स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेले. साखर उतरली होती. चहाचं भांडं ओट्यावर, गॅस अजून पेटवायचा होता, हे देवाचे उपकार. इथं साहेबांनी एक शब्द न विचारता स्वतःची गाडी पाठवली, हे पण सांगायला पाहिजे. मी भांडते ते वेगळं, खरं ते खरं.

डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर. पुढचं त्यांनी मला सांगितलं, मी तुम्हाला सांगणार नाही.

मी दवाखान्यात गेले तेव्हा भाऊ डोळे उघडून बघत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "आज कागद राहिला, ताई."

तुम्ही मला ओळखता. झापायला गेलेली मी, त्यांची चादर सारखी करत बसले.

तेव्हापासून आजपर्यंत एकदाही कागद चुकला नाही. ताप असला तरी आला. ‘आज सुट्टी. अंग दुखतंय. पण आहे.’ एवढंच. मी तो वाचायची, बाजूला ठेवायची, आणि मग झाडू घ्यायची. आमच्यात यावर कधी बोलणं झालं नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण त्यांना माहीत आहे मी वाचते, आणि मला माहीत आहे ते कशासाठी लिहितात.

आता सांगा, त्या कागदावरून कोण कोणाला तपासत होतं?

उद्या संध्याकाळपासून प्रिंटर बघायचं काम बाहेरच्या कंपनीला दिलंय. चांगली गोष्ट आहे. त्यांच्या स्क्रीनवर शाई दिसेल, कागद दिसेल, अडकलं तर लाल दिवा लागेल. त्यांच्यावर माझा राग नाही. टेस्ट पेज बंद, कारण कागद वाया जातो. नोकरी सोडलेल्या माणसाचा ऑफिसच्या प्रिंटरशी संबंध बंद, कारण तसा नियम आहे. सगळं बरोबर असेल. पण पेडणेकर अडकले तर दिवा कुठे लागणार? तेवढं कोणीतरी मला सांगा.

मॅडम म्हणाल्या, ताई, व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग पाठवत जा की. पाठवून बघितलं. सुट्टीच्या दिवशी पाठवलेल्या फुलाला भाऊंनी चौथ्या दिवशी उत्तर दिलं. आणि खरं सांगा, तुमच्या फोनवर एखाद्याचं फूल आलं नाही तर तुम्हाला कळतं? माझ्या फोनवर इतकी फुलं येतात की हार होईल. रिकामा ट्रे मात्र दिसतो. मी रोज त्याच्यासमोर उभी राहते.

आणि भाऊ, तुम्ही. तुम्ही काय म्हणालात परवा? ऑफिसचा कागद माझ्यासाठी कशाला, मी आता बाहेरचा माणूस. बाहेरचा? आवडाबाईंना विचारा बाहेरचा आहे का. सुरमई म्हणणाऱ्या साहेबांना विचारा. माझ्या सान्वीला विचारा, माझी नात, तिला मी रात्री गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवते, लहान अक्षरातलं सुद्धा, आणि ती म्हणते आजी अडखळू नको ना. ते कोणी दुरुस्त केलं? मग तुम्ही बाहेरचे कसे झालात? तुम्ही लाजताय, दुसरं काही नाही. कोणाला आपली काळजी करायला लावायची तुम्हाला लाज वाटते. आम्ही रोज तुमच्याकडे धावत आलो, कागद अडकला, शाई संपली, तेव्हा आम्ही लाजलो का?

साहेब, माझं मागणं मोठं नाही. बोंबील तसाही जुना झालाय, कंपनीवाले त्याला हात लावायला तयार नाहीत. तो एक आमच्याकडे राहू दे. त्याच्यावर भाऊंच्या फोनचा रस्ता उघडा राहू दे, बाकी सगळे बंद करा. कागदाचा प्रश्न असेल तर तोही नको. एका बाजूने छापून टाकून दिलेले पाठकोरे कागद मी रोज कचऱ्यात भरते, त्यातला एक घालेन. दिपेशला विचारलंय, त्याच्या हातात आहे, तुमचा शब्द पाहिजे.

आता संपवते, वडे गार होतायत. मॅडमनी मला बोलायला दिलं, आणि अजून माईक काढून घेतला नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. साहेबांचे आभार, हसले त्याबद्दल. आंबिवलीच्या आनंदाचे आभार, तो मागे दाराशी उभा आहे, त्याला कोणीतरी खुर्ची द्या. मला बोलायची पद्धत येत नाही, कोणाचा मान राहिला असेल, जीभ कुठे जास्त लागली असेल, तर ती चूक माझ्या शाळेच्या खात्यात टाका आणि मला मोठ्या मनाने सोडा.

फक्त भाऊ आणि साहेब, मला आज इथं हो म्हणू नका. गळ्यात हार असताना सगळेच हो म्हणतात. तुम्ही दोघं उद्या काय ते ठरवा. सोमवारी सकाळी मी बोंबीलमध्ये कागद भरून ठेवते. उत्तर मला त्या ट्रेमध्ये पाहिजे. साहेबांनी रस्ता उघडा ठेवला आणि भाऊंनी चार ओळी लिहिल्या, तरच तो कागद निघेल, म्हणजे एका कागदात दोघांचं उत्तर. पिठल्याचं लिहा, जास्वंदीचं लिहा, नुसतं ‘आहे’ लिहा. मी झाडू हातात न घेता उभी राहीन. आणि ट्रे रिकामा दिसला, तर भाऊ, मी तिथून फोन करणार नाही. सरळ आंबिवलीला येईन. चहा ठेवून ठेवा.