गणपतने घट्ट बसवलेली मोटर

२०२४ च्या एप्रिलमधली गोष्ट. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून रिमोटच्या गाडीत नवी मोटर बसवायचं काम शेजारच्या गणपतला दिलं. दोघंही गिरणीतले जुने फिटर, दोघांनाही रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतींचा नाद.

वडाळ्याच्या मैदानात शर्यत सुरू होताच माझी गाडी किंचाळून थांबली. मोटरच्या पिनियनने, म्हणजे टोकावरच्या छोट्या दातेरी चाकाने, मोठ्या गिअरचे दाते खाल्ले होते.

“गणप्या, दात्यांमध्ये कागद धरून तेवढी फट ठेवली होतीस?”

“फट कशाला? गिरणीत मी कधी काय ढिलं सोडलं नाय.”

“हा गिरणीतला लोखंडी साचा आहे काय रे? प्लास्टिकचा गिअर आहे! वर तोंड करून सांगतोस?”

पुढच्या शर्यतीच्या सकाळी गणपतने स्वतःच्या गाडीतला गिअर काढून माझ्या गाडीत बसवला आणि बघ्यांत जाऊन बसला.